रोजनाम्यातली एक ओळ

विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "नागरी हक्कांचे वकील म्हणून न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांचं नाव सगळे आदराने घेतात, पण त्यांनी जिंकलेला एकही मोठा खटला आम्हाला शिकवलेला नाही. मग सार्वजनिक जीवनात त्यांचं स्थान कशामुळे? केस हरली तर अशा वकिलाच्या हातात काय उरतं? आणि हे वकील नेहमी गुन्हेगारांच्या, अतिरेक्यांच्याच बाजूने का दिसतात?"

मी तीस वर्षांहून अधिक काळ वकिली करतेय. बरीचशी तालुका आणि जिल्हा कोर्टात, अधूनमधून हायकोर्टात. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि मला ती एका साध्या रिमांडपासून, म्हणजे अटक झालेल्याला कोठडी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या सुनावणीपासून, सुरू करावी लागतील.

सनद मिळून वर्षही झालं नव्हतं. एका शुक्रवारी कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली एक पारधी बाई बसली होती. तिच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला चोरीच्या संशयावरून आणलं होतं. कधी नेलं विचारलं तर तिला तारीख सांगता येईना. ती एवढंच म्हणत होती, "बाजाराच्या दिशी नेला, आम्ही पाल ठोकीत व्हतो." त्या गावचा बाजार मंगळवारचा. अटकेच्या कागदावर मात्र गुरुवार संध्याकाळ, सात वाजून दहा मिनिटं. म्हणजे मंगळवार दुपार ते गुरुवार संध्याकाळ हा मुलगा कुठे होता, याचा सरकारी कागद नाही. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा, असं राज्यघटनेचं कलम 22 सांगतं. कागदावर ते पाळलं गेलं होतं.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" मुलगा खाली बघत राहिला. हवालदार त्याच्या दंडाला धरून उभा होता. माझे सीनिअर उठले आणि म्हणाले, "साहेब, हा प्रश्न पोलीस बाहेर गेल्यावर पुन्हा एकदा विचारावा." साहेबांनी क्षणभर विचार केला आणि पोलिसांना बाहेर थांबायला सांगितलं. पुन्हा तोच प्रश्न. मुलगा अजून गप्पच. मग सीनिअर त्याला हळूच म्हणाले, "बाळा, तळपाय दाखव साहेबांना." तो लाकडी कठड्याला धरून एका पायावर उभा राहिला आणि दुसरा पाय वर केला. तळवा टाचेपासून बोटांपर्यंत काळानिळा होता.

साहेबांनी क्लार्कला रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, चार ओळी लिहायला सांगितल्या. आरोपीच्या दोन्ही तळपायांवर सूज व वळ दिसतात, त्याला मंगळवारी दुपारी नेल्याचं तो सांगतो, सरकारी रुग्णालयात तपासणी करावी, पोलीस कोठडीची मागणी नामंजूर. एवढंच. त्याला एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाली, जामिनाचा अर्जही मंजूर झाला, पण सातबारा असलेला हमीदार मिळेना म्हणून तीन आठवडे तो आतच राहिला.

खटला उभा राहिला चार वर्षांनी. तोवर आईला वार आठवत होता, पण उलटतपासणीत ती गोंधळली. पंच फिरले. वैद्यकीय कागदात "किरकोळ इजा" एवढाच शेरा होता. माल जप्त केल्याचा जो पंचनामा गुरुवारी रात्रीचा म्हणून दाखवला होता, त्याच्यावर उभं राहायला आमच्याकडे रोजनाम्यातली ती एकच ओळ होती: "मंगळवारी दुपारी नेल्याचं सांगतो." कोर्टाने पंचनाम्यावर विश्वास ठेवला नाही आणि मुलगा सुटला. मारणाऱ्यांचं काही झालं नाही, हेही तुम्हाला सांगितलं पाहिजे.

माझ्या सीनिअरांनी हे कुठून उचललं असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, तारकुंडे साहेबांचे अहवाल वाचून. म्हणून आता त्यांच्याकडे वळते.

विठ्ठल महादेव तारकुंडे सासवडचे, जन्म 1909 चा. वडील सासवडला वकील आणि सुधारक. पुण्यात शाळा, मग लंडनला लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला परत आले आणि पुण्यात वकिली सुरू केली. क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांनी ते इतके ओढले गेले की 1942 मध्ये चालती वकिली सोडून त्यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचं पूर्णवेळ काम करू लागले. पुढे रॉय यांनीच पक्ष विसर्जित केला. तारकुंडे 1948 नंतर मुंबईत वकिली करू लागले आणि नंतर कुठल्याही पक्षात गेले नाहीत. हा तपशील लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे. 1957 मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि 1969 मध्ये निवृत्तीचं वय होण्याआधीच राजीनामा देऊन दिल्लीला गेले. दिल्लीच का? हायकोर्टाचा कायम न्यायाधीश राहिलेला माणूस घटनेच्या कलम 220 प्रमाणे त्याच हायकोर्टात वकिली करू शकत नाही; सुप्रीम कोर्टात किंवा दुसऱ्या हायकोर्टात करू शकतो. कोर्टात बारा वर्षं ज्यांना "माय लॉर्ड" म्हटलं गेलं, ते साठाव्या वर्षी गाव बदलून पुन्हा वकिलाच्या बाकावर जाऊन बसले. आमच्या व्यवसायात ही सोपी गोष्ट नाही. निवृत्त न्यायाधीशांना लवाद, चौकशी आयोग, अहवाल असं सन्मानाचं काम मिळत असतं.

सार्वजनिक जीवनात ते खऱ्या अर्थाने उतरले 1974 मध्ये, जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर. 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी' ही संघटना तेव्हाची. निवडणूक सुधारणांसाठी जयप्रकाशांनी तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि तिचा अहवाल 1975 मध्ये, आणीबाणीच्या आधी आला. मतदानाचं वय एकवीसवरून अठरा करा ही त्यातली एक शिफारस. निवडणूक आयोग एकसदस्यीय न ठेवता तीन सदस्यांचा करा ही आणखी एक. अठराची शिफारस 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये अंमलात आली. तुम्ही पहिलं मतदान अठरा-एकोणिसाव्या वर्षी केलं असेल, तर त्यामागे सरकारने न नेमलेल्या, सरकारी पैसा न घेतलेल्या एका समितीचा कागदही आहे. त्यात कोर्टाचा काही संबंध नव्हता.

मग जून 1975. आणीबाणी लागली, आणि 27 जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याची वाट बंद झाली. 'मिसा' या विनाखटला स्थानबद्ध करण्याच्या कायद्याखाली हजारो माणसं आत. त्या काळात वकील काय करू शकत होते हे बघण्यासारखं आहे. मुंबईत वकिलांनी एका सभागृहात, फक्त वकिलांसाठी, कायद्याच्या राज्यावर एक बैठक ठरवली. माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह आणि एम. सी. छागला बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. वकील हायकोर्टात गेले आणि हायकोर्टाने ती बंदी रद्द केली. गुजरातेत तेव्हा बाबूभाई पटेलांचं जनता मोर्चा सरकार असल्यामुळे थोडी मोकळीक होती, म्हणून ऑक्टोबर 1975 मध्ये अहमदाबादला नागरी स्वातंत्र्य परिषद भरली. छागला, शाह आणि तारकुंडे तिथे बोलले. 'भूमिपुत्र' नावाच्या गुजराती नियतकालिकाने परिषदेचा वृत्तांत छापला म्हणून सेन्सॉरच्या नियमांखाली त्याच्यावर कारवाई झाली, आणि ते प्रकरण गुजरात हायकोर्टात गेलं. तिथेही निकाल नागरिकाच्या बाजूने लागला. बंद सभागृहातली बैठक, एका छोट्या पत्रिकेचे काही अंक, एवढ्याशा गोष्टींसाठी मोठमोठे वकील कोर्टात उभे राहिले, आणि त्यामुळे आणीबाणीतही हायकोर्टांच्या निकालपत्रांत स्वातंत्र्याची भाषा जिवंत राहिली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हरलेल्या केसचा.

नऊ हायकोर्टांनी, त्यात आपलं मुंबई हायकोर्टही आलं, असं म्हटलं होतं की आणीबाणी असली तरी स्थानबद्धता कायद्याला धरून आहे की नाही एवढं तरी आम्ही तपासू शकतो. सरकार अपिलात सुप्रीम कोर्टात गेलं. हाच एडीएम जबलपूर खटला. पाच न्यायाधीशांचं पीठ: ए. एन. राय, एच. आर. खन्ना, एम. एच. बेग, वाय. व्ही. चंद्रचूड, पी. एन. भगवती. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, सोली सोराबजी यांच्यासह तारकुंडेही उभे होते. न्यायमूर्ती खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला, तरी कोर्टात दाद नाही का? उत्तर आलं की आणीबाणी असेपर्यंत, कायद्याने, नाही.

हे उत्तर कोर्टात मोठ्याने दिलं गेलं, यालाच मी त्या खटल्याचं पहिलं फळ मानते. कोणी केस लढलीच नसती, तर सरकारला हे वाक्य उघड कोर्टात कधीच उच्चारावं लागलं नसतं.

28 एप्रिल 1976 ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला. स्थानबद्ध हरले. खन्नांनी एकट्याने विरोधी निकालपत्र लिहिलं, आणि जानेवारी 1977 मध्ये सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची असताना त्यांच्यानंतरच्या बेग यांना ते पद दिलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला. तुम्हाला वर्गात हे शिकवलं असणार. पण न्यायाधीश निकालपत्र हवेतून लिहीत नाही, हे वर्गात सहसा सांगत नाहीत. जगण्याचा हक्क कलम 21 ने जन्माला घातला का, की तो घटनेच्या आधीपासून कायद्याच्या राज्यात आहेच, हा मुद्दा वकिलांनी दिवसचे दिवस मांडला होता. खन्नांच्या निकालपत्राला तो पाया मिळाला. पुढे 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 20 आणि 21 आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद आली. आणि 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा बहुमताचा निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला. ते निकालपत्र लिहिणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड होते, 1976 च्या बहुमतातल्या चंद्रचूडांचे चिरंजीव. तारकुंडे 2004 मध्ये वारले, त्यांना हे बघायला मिळालं नाही.

एक्केचाळीस वर्षं. तुम्ही विचारता हरल्यावर हातात काय उरतं, तर हे उरतं. पण ते आपोआप उरत नाही. तुम्ही मुद्दा लिहून मांडलेला असला, तो नाकारल्याची नोंद झालेली असली, तरच पुढच्या माणसाला तो सापडतो. तोंडी केलेलं, भावनेच्या भरातलं भाषण टाळ्यांबरोबर संपतं.

याचा आपल्याकडचा जुना दाखला महाडचा आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो, मार्च 1927 चा. त्यानंतर सनातन्यांनी दिवाणी दावा लावला आणि डॉ. आंबेडकर प्रतिवादी म्हणून त्या कोर्टात लढत राहिले. हायकोर्टाचा अंतिम निकाल लागला मार्च 1937 मध्ये. तळ्यावर फक्त सवर्णांचाच हक्क अशी पुरातन रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. सत्याग्रहाची तारीख आपण पाळतो. ती दहा वर्षं तारखांवर तारखा घेत, साक्षी-पुरावे करत काढली गेली, त्याची आठवण कोणी काढत नाही. मला दोन्ही सारख्याच मोलाच्या वाटतात.

तारकुंडे यांचं जे काम मी सर्वांत वरचं मानते ते कोर्टाबाहेरचं आहे, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

आणीबाणी चालू असतानाच, ऑक्टोबर 1976 मध्ये दिल्लीत 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अँड डेमोक्रॅटिक राइट्स' स्थापन झाली. तारकुंडे तिचे अध्यक्ष होते. 1977 मध्ये जनता सरकार आलं आणि संघटना जवळपास झोपली. कितीतरी कार्यकर्ते आता सरकारात किंवा सरकारच्या जवळ होते. आपलीच माणसं आली, आता कशाला भांडायचं, असा सूर होता. 1980 मध्ये तिला नव्याने उभं करावं लागलं, तेव्हा आजची पीयूसीएल, म्हणजे 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज', झाली. तारकुंडे पक्षात नव्हते हे मी लक्षात ठेवायला सांगितलं होतं, ते यासाठी. सरकार बदललं तरी त्यांचं काम बदललं नाही. जनता सरकारच्याच काळात, 1977 मध्ये, ते आंध्रातल्या खेड्यांत चौकशीला गेले होते.

गोष्ट अशी होती. आणीबाणीत आंध्र प्रदेशात अनेक तरुण नक्षलवादी म्हणून 'चकमकीत' मारले गेले होते. जयप्रकाशांनी तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली एक नागरी समिती नेमली. वकील के. जी. कन्नबिरन, तेलुगू कवी काळोजी नारायण राव, पत्रकार अरुण शौरी अशी मंडळी तिच्यात होती. समितीकडे समन्स काढायचा अधिकार नव्हता, शपथेवर साक्ष घ्यायचा अधिकार नव्हता, पोलिसांची एक फाइलही त्यांना कोणी दाखवणार नव्हतं. त्यांनी गावोगाव जाऊन लोकांना विचारलं. मेदक जिल्ह्यातल्या गिराईपल्लीच्या जंगलात जुलै 1975 मध्ये चार तरुण मारले गेले होते, त्यांतले काही वारंगळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले. सरकारी म्हणणं: चकमक. समितीने काढलेला निष्कर्ष: त्यांना आधी पकडलं होतं, मग झाडांना बांधून गोळ्या घातल्या.

बघा, बारा वर्षं हायकोर्टात न्यायाधीश म्हणून साक्षी तोलण्याची सवय असलेला माणूस एका खेड्यात बसून लोकांचं ऐकतोय, आणि ऐकताना कुठली गोष्ट पुरावा म्हणून टिकेल आणि कुठली ऐकीव म्हणून गळेल, हे त्याच्या डोक्यात चालू आहे. म्हणून त्या अहवालांना वजन होतं. आरोप कोणीही करतो. तारकुंडे समितीने निष्कर्ष काढले. सरकारला न्यायमूर्ती भार्गव आयोग नेमावा लागला. पुढे आयोगाचं कामकाज बंद दरवाजाआड चालवायचं ठरलं आणि नागरी बाजूचे वकील त्यातून बाहेर पडले. त्या चार तरुणांच्या आईबापांना कोर्टातून न्याय मिळाला असं मला म्हणता येणार नाही.

पण ती पद्धत टिकली. घटना झाली की जायचं, दोन्ही बाजूंना विचारायचं, पोलिसांचीही बाजू लेखी मागायची, त्यांनी नाही दिली तर "दिली नाही" हेही लिहायचं, आणि लगेच छापायचं. नोव्हेंबर 1984 मध्ये दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हा पीयूसीएल आणि 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' (पीयूडीआर) यांनी त्याच महिन्यात अहवाल प्रसिद्ध केला. आणि मुंबईचं बघा. 1995 ते 1997 या काळात मुंबईत 99 पोलीस चकमकी झाल्या आणि त्यांत सुमारे 135 माणसं मेली. पीयूसीएल हायकोर्टात गेली, मग सुप्रीम कोर्टात. 23 सप्टेंबर 2014 ला सरन्यायाधीश लोढा आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी सोळा निर्देश दिले: मिळालेली खबर लेखी नोंदवा, चकमकीत मृत्यू झाला की एफआयआर नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याकडे द्या, मॅजिस्ट्रेटची चौकशी झालीच पाहिजे, निकटच्या नातेवाइकांना कळवा, चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदकं देऊ नका. गिराईपल्लीपासून हा निकाल एकोणचाळीस वर्षांवर आहे. आज कुठल्याही जिल्ह्यात चकमक झाली की माझ्यासारखी वकील पहिला अर्ज त्या निर्देशांवर बोट ठेवून लिहिते.

पीयूसीएलच्या नावाने लागलेले निकाल तुम्ही अभ्यासलेत, फक्त त्यांच्यामागची माणसं तुम्हाला सांगितली नाहीत. 1996 चा फोन टॅपिंगचा निकाल, 2001 मध्ये दाखल झालेली अन्नाच्या हक्काची याचिका, उमेदवारांच्या गुन्ह्यांची आणि मालमत्तेची माहिती मतदाराला मिळण्याचा 2003 चा निकाल, 2013 चा 'नोटा'चा. यांतले बरेच तारकुंडे थकल्यानंतरचे किंवा गेल्यानंतरचे आहेत. वकील एक खटला जिंकतो तेव्हा पक्षकाराचं भलं होतं. त्याने संघटना उभी केली, तर तो नसताना खटले दाखल होत राहतात.

मुंबईच्या फुटपाथवासीयांचा ओल्गा टेलिस खटलाही घ्या, कारण त्यात जिंकणं आणि हरणं एकाच निकालात आहे. जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी ऐन पावसाळ्यात जाहीर केलं की फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवून देऊ. एका याचिकेत इंदिरा जयसिंग होत्या, दुसऱ्या याचिकेतल्या वकिलांत राम जेठमलानी आणि तारकुंडे. 10 जुलै 1985 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण उपजीविका काढून घेणं हा जीव घेण्याचाच सोपा मार्ग आहे. विद्यार्थी इथे अधोरेखित करून थांबतात. पुढे वाचा. त्याच निकालाने पालिकेचा झोपड्या हटवण्याचा अधिकार वैध ठरवला. फक्त सुनावणीची संधी द्या, पावसाळा संपेपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा, आणि 1976 च्या गणतीची ओळखपत्रं असलेल्यांना पर्यायी जागा द्या, असं सांगितलं. तत्त्व मिळालं, छप्पर गेलं. मी पाडकामाच्या नोटिशीला उत्तर लिहायला बसते तेव्हा समोरच्या बाईला "ऐकून घेतल्याशिवाय पाडता येणार नाही" हे याच निकालाच्या जोरावर सांगते, आणि "ऐकून घेतल्यावर पाडू शकतील" हेही तिला सांगावं लागतं. हे दुसरं वाक्य गिळणारा वकील तिची फसवणूक करतो असं माझं मत आहे.

आता तिसरा प्रश्न. तो विचारलात हे बरं केलंत, कारण घरीदारी सगळीकडे तो मलाही विचारला जातो.

पोलीस ज्याला उचलतात तोच वकिलाकडे येणार. ज्याचे हक्क कोणी काढून घेत नाही त्याला नागरी हक्कांचा वकील लागत नाही. 1916 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाची कारवाई झाली तेव्हा मुंबई हायकोर्टात त्यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली आणि टिळक सुटले. सरकारच्या लेखी टिळक तेव्हा देशातले सर्वांत धोकादायक गृहस्थ होते. आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क घटनेच्या कलम 22 ने प्रत्येक अटक झालेल्याला दिलाय. अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव वकील संघटना अधूनमधून करतात. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने असे ठराव बेकायदा आणि निरर्थक ठरवले आहेत. तरीही ते होतात. असा ठराव झालेल्या एका प्रकरणात मी वकीलपत्र दाखल केलं होतं. त्या दिवशी बाररूममध्ये माझ्या टेबलाशी कोणी चहाला बसलं नाही. पुढचे सहा महिने नाही. तो आरोपी दोषी ठरला, शिक्षाही झाली, आणि मला ती योग्य वाटली. त्याची बाजू नीट मांडली गेल्यामुळेच ती शिक्षा अपिलात टिकली.

तारकुंडे यांनी याहून मोठी किंमत दिली. सिटिझन्स फॉर डेमोक्रसीने 1985 मध्ये पंजाबातल्या दडपशाहीवर अहवाल काढला तेव्हा त्यावर बंदी आली. त्यांना देशद्रोही म्हणणारे कमी नव्हते. 1998 मध्ये त्याच देशाने त्यांना पद्मभूषण दिलं.

पण तुमच्या प्रश्नात एक रास्त भाग आहे, आणि चळवळीतल्या माणसांनी तो स्वतःलाच विचारलाय. सरकारच्या हिंसेची चौकशी करायची आणि सशस्त्र गटांनी मारलेल्या गावकऱ्याबद्दल गप्प बसायचं, हे चालेल का? आंध्रात नागरी हक्कांचे कार्यकर्ते के. बालगोपाल यांनी हा वाद नेटाने लावून धरला, जुनी संघटना सोडली आणि 1998 मध्ये 'ह्यूमन राइट्स फोरम' काढला. मला बालगोपालांचं म्हणणं पटतं. सरकारला जाब विचारणं हे वकिलाचं विशेष काम आहे, कारण सरकार कायद्याच्या नावाने मारतं. पण मेलेल्या माणसाच्या दारात गेल्यावर कोणी मारलं त्यावर आपलं बसणं-उठणं ठरू नये.

तारकुंडे यांच्या पिढीबद्दल माझी एक तक्रारही आहे. त्यांचे अहवाल इंग्रजीत निघाले, दिल्लीत निघाले. सासवडच्या या माणसाचं काम सासवडच्या एसटी स्टँडवर कोणाला माहीत नाही. तालुका कोर्टात, जिथे रोज माणसं हात बांधून उभी असतात, तिथे ही चळवळ फार कमी पोचली. ते काम तुमच्या पिढीपुढे पडलेलं आहे.

तुम्ही काय करू शकता हे विचारलं नाहीत, पण सांगते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर रिमांडच्या कामासाठी नाव द्या. पैसे थोडे मिळतात. सुट्टीच्या दिवशीच्या रिमांडला आवर्जून जा, कारण बऱ्याच गडबडी शनिवार-रविवारी होतात. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झालीय. तिच्या कलम 187 प्रमाणे पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता सलग न घेता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येते. म्हणजे आरोपी पुन्हा पुन्हा पोलिसांकडे जाणार आणि पुन्हा पुन्हा कोर्टात येणार. दर वेळी त्याला बघा. पोलिसांना लांब उभं करायची विनंती दर वेळी करा. पहिल्यांदा साहेब चिडतील, दहाव्यांदा स्वतःच सांगतील. त्याने काही सांगितलं तर ते रोजनाम्यात घ्यायची विनंती करा. तोंडी विनंती मान्य झाली नाही तर तिथेच कागद काढून दोन ओळींचा हातचा अर्ज द्या. तो नामंजूर झाला तरी रेकॉर्डवर राहतो.

आणि आयांना, बायकांना तारीख विचारू नका, ती त्यांना सांगता येत नाही आणि मग त्या घाबरतात. कोणता सण होता, शाळा सुटली होती का, मुक्कामाची एसटी आली होती का, रेशन कधी मिळालं, असं विचारा. एक जाड वही घ्या, आणि तिच्या पहिल्या पानावर तुमच्या तालुक्यातल्या सगळ्या गावांचे बाजारवार लिहून ठेवा.